नुकसान कमी करण्याचे कर्तव्य : वऱ्हाडातील कापूस-व्यवहाराच्या अनुषंगाने एक विचार

अकोल्याच्या एका सूतगिरणीने अमरावतीच्या एका व्यापाऱ्याशी रुईच्या शंभर गाठींचा सौदा केला आहे, अशी कल्पना करावी. भाव ठरला, माल अकोल्यास पोचता करण्याची तारीख ठरली. त्या तारखेस व्यापाऱ्याने माल देण्याचे साफ नाकारले. त्या दिवशी अकोल्याच्या बाजारात तशाच प्रतीची रुई ठरलेल्या भावापेक्षा गाठीमागे पाचशे रुपये जादा देऊन मिळत होती. गिरणीने ती घेतली नाही. भाव उतरतील या आशेने ती दोन महिने थांबली. भाव उतरण्याऐवजी चढत गेले, आणि अखेरीस तिला गाठीमागे दोन हजार रुपये जादा मोजावे लागले. आता तिने व्यापाऱ्यावर दावा आणला, तर तिला भरपाई पन्नास हजार रुपयांची मिळावी की दोन लाखांची?

करार मोडला तो व्यापाऱ्याने. तेव्हा त्यापुढचे सर्व नुकसान त्याच्याच माथी बसावे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. कायद्याचे उत्तर मात्र पन्नास हजारांचे आहे. उरलेले दीड लाख गिरणीने स्वतःच्या निर्णयाने ओढवून घेतले, असे कायदा मानतो. या उत्तरामागील तत्त्वास नुकसान कमी करण्याचे कर्तव्य, किंवा संक्षेपाने हानिन्यूनीकरणाचे तत्त्व, असे म्हणता येईल. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडूनच कायदा काही अपेक्षा करतो, हे या तत्त्वाचे वैशिष्ट्य होय. ही अपेक्षा कोठवर न्याय्य आहे आणि ती कोणत्या गृहीतावर उभी आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वऱ्हाडातील कापसाचा व्यवहार हे गृहीत पारखून पाहण्यास विशेष सोयीचा आहे. कारण संघटित बाजार असल्याने काय साधते आणि तो नसल्याने काय बिघडते, या दोहोंचा अनुभव या प्रदेशाने घेतलेला आहे.

१. कलम ७३ चे स्पष्टीकरण

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७३ मध्ये करारभंगाच्या भरपाईचे नियम आहेत. करारभंगापासून स्वाभाविकपणे उद्भवणारी, किंवा करार करतेवेळी उभय पक्षांना संभाव्य म्हणून ज्ञात असलेली हानी भरून मिळते. दूरची आणि अप्रत्यक्ष हानी मिळत नाही. हे सर्व कलमाच्या मुख्य भागात आले आहे. हानिन्यूनीकरणाचा उल्लेख तेथे नाही. तो कलमाच्या शेवटी जोडलेल्या स्पष्टीकरणात येतो. करारभंगामुळे झालेली हानी मोजताना, करार पाळला न गेल्याने उद्भवलेली गैरसोय दूर करण्याची जी साधने अस्तित्वात होती ती विचारात घेतली पाहिजेत, असा त्या स्पष्टीकरणाचा आशय आहे.

या वाक्यात 'कर्तव्य' हा शब्द नाही. वादीने अमुक करावे अशी आज्ञाही त्यात नाही. जो आदेश आहे तो हानी मोजणाऱ्याला, म्हणजे न्यायालयाला उद्देशून आहे. आणि न्यायालयाने पाहावयाची ती वादीची सद्भावना किंवा तत्परता नसून 'अस्तित्वात असलेली साधने' होत. इंग्लंडमधील न्यायाधीशांनी निवाड्यांतून घडविलेला नियम भारतीय विधिकारांनी या शब्दांत बसविला, आणि पुढील संपूर्ण विवेचनाची किल्ली याच शब्दांत आहे.

कलमाखालील उदाहरणे हा अर्थ अधिक स्पष्ट करतात. मुंबईहून कलकत्त्यास माल नेण्यासाठी ठरविलेले जहाज मुंबईस आलेच नाही. पण तितक्याच फायदेशीर अटींवर दुसरी सोय उपलब्ध होती आणि माल पाठविणाऱ्याने ती साधली. अशा वेळी त्याला भरपाई मिळते ती दुसरी सोय करताना पडलेल्या त्रासाची व खर्चाची. दुसऱ्या एका उदाहरणात तांदूळ घेण्याचा करार केलेला मनुष्य माल आणला तरी घेणार नाही असे कळवितो. तेव्हा विकणाऱ्याला मिळतो तो करारातील भाव आणि त्या वेळी त्या तांदळास येऊ शकणारा भाव यांतील फरक. कापसाचेही एक उदाहरण तेथे आहे. पाचशे गाठी देण्याचा करार मोडल्यामुळे घेणाऱ्याला आपली गिरणी बंद ठेवावी लागली. परंतु देणाऱ्याला त्याच्या धंद्याची रीत ठाऊक नव्हती, म्हणून गिरणी बंद पडल्याच्या हानीस तो जबाबदार ठरत नाही. हे शेवटचे उदाहरण वस्तुतः हानीच्या दूरत्वाचे आहे. ती हानी अपेक्षितच नव्हती, हे दूरत्वाचे कारण. ती टाळता आली असती, हे न्यूनीकरणाचे कारण. दोन्ही नियम भरपाईला मर्यादा घालतात, पण त्यांची कारणे भिन्न आहेत, हे अभ्यासकाने विसरू नये.

२. 'कर्तव्य' या शब्दाचा अर्थ

कायद्याच्या परिभाषेत एकाचे कर्तव्य म्हणजे दुसऱ्याचा हक्क. पण वादीने नुकसान आवरले नाही म्हणून प्रतिवादी त्याच्यावर दावा आणू शकत नाही. तेव्हा हे खऱ्या अर्थाने कर्तव्य नव्हे. टाळता येण्यासारखे नुकसान वादीला भरून मागता येत नाही, इतकाच त्याचा परिणाम होय. लछिया शेट्टी विरुद्ध कॉफी बोर्ड या १९८० सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. या तत्त्वामुळे करार मोडणाऱ्याला कोणताही हक्क प्राप्त होत नाही. भरपाई ठरविताना न्यायालयाने लक्षात ठेवावयाची ती एक कल्पना आहे, असे तेथे म्हटले आहे. कापूस-बाजाराच्या शब्दांत सांगावयाचे तर, करार मोडणाऱ्या व्यापाऱ्याला 'तुम्ही दुसरीकडे माल का घेतला नाही' असे विचारण्याचा हक्क नाही. ते विचारणे न्यायालयाचे काम आहे.

या तत्त्वाचे तीन भाग पडतात. पहिला : जे नुकसान वाजवी उपायाने टळले असते ते भरून मिळत नाही. दुसरा : वाजवी उपाय करताना झालेला खर्च भरून मिळतो, मग तो उपाय अखेरीस निष्फळ ठरला तरी. तिसरा : उपायामुळे जे नुकसान प्रत्यक्षात टळले त्याचीही भरपाई मागता येत नाही. या तिसऱ्या भागाचे प्रमुख उदाहरण म्हणजे ब्रिटिश वेस्टिंगहाउस विरुद्ध अंडरग्राउंड इलेक्ट्रिक रेल्वेज हा १९१२ चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल. कराराप्रमाणे काम न देणारी टर्बाइन यंत्रे बदलून रेल्वे कंपनीने नवी, अधिक कार्यक्षम यंत्रे बसविली. त्यांमुळे झालेली बचत नव्या यंत्रांच्या किमतीपेक्षा जास्त भरली. तेव्हा त्या किमतीची वेगळी भरपाई देता येणार नाही, असे ठरले. उपाय ज्या प्रसंगातून निर्माण झाला त्याच प्रसंगातून लाभही झाला असेल, तर तो हिशेबात धरावाच लागतो.

३. बाजार आणि बाजारभाव

गैरसोय दूर करण्याचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे बाजार. ज्या वस्तूस नित्याचा बाजार आहे तेथे हानिन्यूनीकरणाचा प्रश्न जणू आपोआप सुटतो. घेणाऱ्याने त्याच दिवशी दुसरीकडून माल घ्यावा, विकणाऱ्याने दुसऱ्यास विकावा. त्याने तसे प्रत्यक्ष केले की नाही याची चौकशी न करता, करारातील भाव आणि करारभंगाच्या दिवसाचा बाजारभाव यांतील फरक ही भरपाई ठरते. सुरुवातीच्या उदाहरणात पन्नास हजारांचे उत्तर आले ते यामुळेच.

हा नियम दोन्ही बाजूंनी सारखा चालतो. जमाल विरुद्ध मुल्ला दाऊद सन्स या रंगूनहून आलेल्या, १९१५ साली निकालात निघालेल्या प्रकरणात घेणाऱ्याने शेअर घेण्याचे नाकारले. विकणाऱ्याने ते काही काळ स्वतःपाशी ठेवून पुढे चढत्या भावाने विकले. हा वाढीव भाव भरपाईतून वजा व्हावा, ही घेणाऱ्याची मागणी प्रिव्ही कौन्सिलने अमान्य केली. करारभंगानंतर माल ठेवणे हा विकणाऱ्याचा स्वतःचा सट्टा होय; त्यात तोटा आला असता तर तो जसा त्याचा, तसा नफाही त्याचाच.

बाजार कोणत्या ठिकाणचा, हा प्रश्नही तितकाच निर्णायक ठरू शकतो. मुरलीधर चिरंजीलाल विरुद्ध हरिश्चंद्र द्वारकादास या प्रकरणात कानपूरहून कलकत्त्यास पाठवावयाच्या कॅनव्हासचा सौदा मोडला होता. घेणाऱ्याने कलकत्त्याच्या भावाने हिशेब मांडला. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली असे ठरविले की, माल कानपुरात मिळावयाचा असल्याने कानपूरचाच भाव सिद्ध करावयास हवा होता. तो पुराव्यात आलाच नाही, म्हणून भरपाईही नाही. करारभंग सिद्ध होऊनही वादीच्या हाती काही लागले नाही. अकोल्यास द्यावयाच्या मालासाठी मुंबईचा भाव दाखविणाऱ्या व्यापाऱ्यास या निकालापासून घेण्यासारखा धडा आहे.

बाजाराचे हे साधन वऱ्हाडात आपोआप निर्माण झालेले नाही. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या तांड्यांवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. अशा काळी एखाद्याने ऐन वेळी माल नाकारला असता, तर दुसरे गिऱ्हाईक शोधणे हे काही दिवसाभराचे काम नव्हते. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचला, आणि वऱ्हाडच्या पेठा मुंबईच्या भावाशी जोडल्या गेल्या. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. ठरलेले आवार, परवानाधारक अडते व मापारी, बाजारावर देखरेख करणारी समिती ही व्यवस्था त्यातून उभी राहिली. नियंत्रित बाजारांच्या भारतीय इतिहासात या कायद्याचे स्थान आरंभीचे आहे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात इतर प्रांतांना याच पद्धतीच्या बाजारांची शिफारस केली. महाराष्ट्रात पुढे १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने ही व्यवस्था राज्यभर एका चौकटीत आणली.

या कायद्यांचा उद्देश शेतकऱ्याची लूट थांबविणे हा होता. पण त्यांचा एक परिणाम भरपाईच्या कायद्यावरही झाला. उघड हर्रासाने ठरलेला आणि समितीच्या दप्तरी नोंदलेला भाव हा न्यायालयापुढे मांडता येण्याजोगा पुरावा असतो. ज्या पेठेत रोजचा भाव लिहिला जातो त्या पेठेत 'त्या दिवशी साधने काय होती' या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीच्या एका पानात सापडते.

४. जेथे बाजार नाही

परंतु बाजार आहे हे नेहमीच गृहीत धरता येत नाही. महाराष्ट्रात १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आली. तिचा पाया १९७१ चा कायदा होता. पुढे जवळपास तीन दशके ती चालली आणि या शतकाच्या आरंभी खाजगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली होऊन तिचा एकाधिकार संपला. या काळात कास्तकाराने आपला कापूस शासकीय यंत्रणेसच विकावयाचा होता. इतरांस विकण्यास मनाई होती.

अशा व्यवस्थेत माल घेण्यास गैरवाजवी विलंब झाला आणि दरम्यान कापूस भिजून त्याची प्रत उतरली, अशी कल्पना करावी. शेतकरी आणि यंत्रणा यांचे नाते शुद्ध कराराचे होते की कायद्याने लादलेले होते, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवू. 'तुम्ही तो दुसऱ्यास विकून नुकसान का टाळले नाही' हा बचाव येथे उभाच राहू शकत नाही. कारण जे करण्यास कायद्याची बंदी होती ते साधन 'अस्तित्वात होते' असे म्हणता येत नाही. बेकायदेशीर उपाय हा वाजवी उपाय नव्हे. मात्र कापूस झाकून ठेवणे, कोरड्या जागी हलविणे, हे उपाय त्याच्या आवाक्यात होते की नाहीत, हे न्यायालय पाहील; आणि त्यांचा खर्च विलंब करणाऱ्याकडे जाईल. साधने नष्ट झाली म्हणजे तत्त्व नष्ट होत नाही. ते उरलेल्या साधनांपुरते मर्यादित होते.

५. साधने कोणापाशी ?

बाजार खुला असला तरी एक प्रश्न उरतो. साधन जगात असणे आणि ते वादीच्या हाती असणे या भिन्न गोष्टी आहेत. मृगाच्या पावसावर पेरलेले सदोष बियाणे उगवलेच नाही, हे उदाहरण घेऊ. जुलैच्या आरंभी दुबार पेरणी करणे हा नुकसान कमी करण्याचा उघड उपाय आहे. ज्याने ती केली त्याला तिचा खर्च मागता येईल, हे उघड आहे. पण ज्याच्यापाशी दुसऱ्यांदा बियाणे घेण्यास पैसा नव्हता, त्याचे काय ?

इंग्लंडच्या न्यायालयांनी या प्रश्नाला वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली. क्लिपन्स ऑइल कंपनीच्या १९०७ च्या प्रकरणात असा विचार मांडला गेला की, हानी आवरण्याच्या बाबतीत अपराध करणाऱ्याने पीडित जसा आहे तसा, त्याच्या दारिद्र्यासह, स्वीकारला पाहिजे. १९३३ च्या लीस्बोश प्रकरणात मात्र उलट दिशा दिसली. गाळ काढणारे एक जहाज दुसऱ्या जहाजाच्या चुकीमुळे बुडाले. मालकांपाशी दुसरे विकत घेण्याइतका पैसा नसल्याने त्यांनी महागड्या भाड्याने जहाज घेतले. तो जादा खर्च त्यांच्या स्वतःच्या निर्धनतेचा परिणाम मानून नाकारण्यात आला. या निकालावर दीर्घकाळ टीका होत राहिली. अखेर २००३ साली लॅग्डेन विरुद्ध ओकॉनर या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने ती भूमिका सोडून दिली. पैशाअभावी वादीला जो महागडा मार्ग पत्करावा लागला त्याचा खर्चही, तो मार्ग वाजवी असल्यास, मिळावयास हवा, हे आता मान्य झाले आहे.

भारतीय कायद्यात हे उत्तर कलम ७३ च्या शब्दांतूनच काढता येते. जे साधन वादीस परवडत नव्हते ते त्याच्यापुरते अस्तित्वात नव्हते, असा अर्थ लावण्यास ते शब्द पुरेसे लवचीक आहेत. प्रदेशाची भूस्थितीही येथे हिशेबात धरावी लागते. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असते. पावसाने ताण दिला असता विहिरीच्या पाण्याने पीक वाचवावयास हवे होते, हा बचाव बागायती मुलखात ऐकण्याजोगा असेल. खारपाणपट्ट्यात त्यास अर्थ नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात सदोष बियाण्याबद्दल शेतकऱ्यास ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, असे ठरविले. बियाणे सदोष निघेल असे धरून प्रत्येक शेतकऱ्याने त्यातील काही भाग तपासणीसाठी राखून ठेवावा, ही अपेक्षाही तेथे अमान्य झाली. तो मुद्दा पुराव्याचा होता. परंतु सामान्य शेतकऱ्याकडून काय अपेक्षिणे वाजवी, याचे जे माप तेथे वापरले गेले ते हानिन्यूनीकरणासही लागू पडण्यासारखे आहे. दुसऱ्या बाजूने, कापूस न उगवलेल्या शेतात त्याच हंगामात दुसरे पीक घेऊन जे निव्वळ उत्पन्न मिळाले असेल, ते ब्रिटिश वेस्टिंगहाउसच्या न्यायाने मागणीतून वजा व्हावे, हेही मान्य केले पाहिजे.

६. अपकृत्यांच्या क्षेत्रात

अपकृत्यांचा कायदा भारतात संहिताबद्ध नाही. न्याय, समता आणि सद्विवेक यांच्या आधारे न्यायालयांनी इंग्रजी तत्त्वे स्वीकारली; त्यांतच हेही तत्त्व आले. शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाने कापसाच्या गंजीस आग लागली, तर वाचविता येण्याजोगा कापूस बाजूला काढणे मालकाकडून अपेक्षित आहे. पण त्यासाठी त्याने जीव धोक्यात घालावा अशी अपेक्षा नाही. अपघातात जखमी झालेल्याने साधा, निर्धोक उपचार विनाकारण नाकारला, तर त्यामुळे वाढलेली दुखापत त्याच्या खात्यावर जाते. धोक्याची शस्त्रक्रिया नाकारली, तर जात नाही.

अंशदायी निष्काळजीपणाशी याची गल्लत होऊ नये. अंशदायी निष्काळजीपणा ही अपघात घडविण्यास साहाय्यभूत झालेली वादीची चूक. हानिन्यूनीकरणाचा प्रश्न अपघात घडून गेल्यावर सुरू होतो. त्याचप्रमाणे, अपघाताशी केवळ प्रसंगाने जोडला गेलेला लाभ वजा होत नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या १९९८ च्या एका प्रकरणात, मृताच्या आयुर्विम्याची रक्कम वारसांच्या भरपाईतून कापता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ती रक्कम मृताने भरलेल्या हप्त्यांचे फळ असते, अपघात करणाऱ्याचे देणे नव्हे.

७. वाजवीपणाचे माप

उपाय वाजवी होता की नाही हे ठरविताना न्यायालये काटेकोर तराजू वापरीत नाहीत. बँको द पोर्तुगाल विरुद्ध वॉटरलो या १९३२ च्या प्रकरणात लॉर्ड मॅकमिलन यांनी याचे कारण सांगितले आहे. ज्याने संकट निर्माण केले त्यानेच मागाहून, संकटात सापडलेल्याने याहून चांगला मार्ग काढावयास हवा होता असे म्हणणे शोभत नाही. म्हणूनच सिद्धतेचा भारही सामान्यतः प्रतिवादीवर असतो.

तथापि व्यापारी व्यवहारात मानापमानाला फारसे स्थान नाही. पेझू विरुद्ध साँडर्स या १९१९ च्या प्रकरणात विकणाऱ्याने उधारीचा करार मोडला, पण रोखीने त्याच भावात माल देऊ केला. घेणाऱ्याने तो नाकारला आणि भाव चढल्यावर फरक मागितला. रोखीचा प्रस्ताव स्वीकारणे हाच वाजवी उपाय होता, असे न्यायालयाने ठरविले. करार मोडणाऱ्याशीच पुन्हा व्यवहार करणे काही वेळा कायद्याला अपेक्षित असते. मात्र हे माप रोख रक्कम बाळगणाऱ्या व्यापाऱ्याचे आहे. हंगामाच्या उधारीवर जगणाऱ्या कास्तकारास ते जसेच्या तसे लावता येणार नाही.

तात्पर्य, हानिन्यूनीकरणाच्या कोणत्याही वादात प्रथम विचारावयाचा प्रश्न 'वादीने काय केले' हा नसून 'वादीपुढे काय उपलब्ध होते' हा आहे. साधन होते काय, ते कायदेशीर होते काय, ते त्या ठिकाणी व त्या हंगामात हाती येण्यासारखे होते काय, आणि ते त्या माणसास झेपणारे होते काय, या चार पायऱ्या चढल्यावरच वादीच्या वर्तनाकडे वळता येते. भरल्या बाजारात उभ्या असलेल्या व्यापाऱ्याच्या बाबतीत या पायऱ्या एका क्षणात ओलांडल्या जातात, आणि म्हणून त्या आहेत हेही ध्यानात राहत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाबतीत प्रत्येक पायरीवर थांबावे लागते. तसे न थांबता बाजाराचा नियम सरसकट लावला, तर अन्याय करणाऱ्याचा बोजा हलका होतो आणि तो वाहण्यास असमर्थ असलेल्याच्या पाठीवर जातो. कलम ७३ च्या स्पष्टीकरणाने तशी सक्ती केलेली नाही. त्याने साधनांकडे पाहण्यास सांगितले आहे. आणि साधनांकडे पाहणे म्हणजे ती नसल्याचे दिसल्यास तसे नमूद करणेही होय.